थिंग

थिंग : जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश इत्यादींच्या कुळातील) भाषांतील एक प्राचीन शब्द. मूळ अर्थ सभा. मुक्त पुरुषांनी ठरल्या दिवशी उघड्या माळावर जमून तंटे मिटवायचे, कायदे ठरवायचे, अशी ही सभा असे. आजच्या इंग्रजीत मात्र हा शब्द कुठल्याही किरकोळ वस्तूला लागतो.

गॉथिक या लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेतील ‘काळ, वेळ’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. म्हणजे आधी नेमलेली वेळ, मग त्या वेळी भरणारी सभा. ‘कोर्टात तारीख आहे’ म्हणताना मराठीतही सुनावणीला दिवसाचेच नाव मिळते. पुढे सभेसमोर आलेले प्रकरण, मग कोणतीही बाब आणि शेवटी वस्तू, असा अर्थ पसरत गेला. ही चाल एकट्या जर्मानिक भाषांची नाही. लॅटिनमधील ‘कौसा’ (खटला) हा शब्द फ्रेंचमध्ये ‘शोज’ म्हणजे वस्तू झाला. आणि आपली ‘गोष्ट’ तरी कुठली? संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, बैठक, तिथलीच ती.

सभेचा अर्थ सर्वांत ठसठशीत राहिला तो उत्तरेत. आइसलँडची आल्थिंगी ही सभा इ. स. 930 च्या सुमारास थिंगव्हेट्लिर येथे भरू लागली. कायदे लिहिलेले नव्हते. कायदेवक्ता ‘कायद्याच्या खडका’वरून ते तोंडपाठ म्हणून दाखवी, दर वर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीत सगळे. 1117–18 च्या हिवाळ्यात ते लिहून काढण्यास सुरुवात झाली. 1800 मध्ये बंद पडलेली आल्थिंगी 1840 च्या दशकात पुन्हा उभी राहिली आणि आज ती देशाची संसद आहे. नॉर्वेची स्टोर्टिंग व डेन्मार्कची फोल्केटिंग या संसदांच्या नावांतही हाच शब्द आहे. डॅनिशमध्ये ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू, तर ‘एट टिंग’ म्हणजे सभा. फरक केवळ लिंगाचा. स्वीडनमधील जिल्हा न्यायालय म्हणजे ‘टिंग्सरेट’.

जर्मन ‘डिंग’ आणि डच ‘डिंग’ वस्तूवरच थांबले, पण त्यांच्या साधित शब्दांतून न्यायसभा डोकावते. डचमध्ये तातडीच्या दाव्याला ‘कॉर्ट गेडिंग’ म्हणतात. जर्मन ‘फेरटायडिगेन’ (बचाव करणे) हे क्रियापद ‘सुनावणीचा दिवस’ या अर्थाच्या जुन्या जोडशब्दातून आले.

मंगळवारची हकीकत याहून मजेदार. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीवरील (रोमन काळातील तटबंदी) हाउसस्टेड्स येथे तिसऱ्या शतकातील एक वेदी सापडली. ती ‘मार्स थिंक्सस’, म्हणजे थिंगचा रक्षक असलेल्या मंगळदेवाला वाहिलेली आहे. जर्मन ‘डीन्सटाग’ आणि डच ‘डिन्सडाख’ ही मंगळवारची नावे या बिरुदावरून आली, असे मानले जाते.

इंग्रजीत सभा नावापुरती उरली : स्कॉटलंडमधील डिंगवॉल हे गाव, आइल ऑफ मॅनची टिनवॉल्ड ही संसद, आणि निवडणूक प्रचारासाठीचा ‘हस्टिंग्ज’ हा शब्द, जो मुळात राजाच्या किंवा सरदाराच्या घरच्या माणसांची सभा होता.