कॉम्प्युटरचा आवाज कमी करायचाय पण तो तापायलाही नको? आधी हे वाचा

मार्च लागला की आमच्याकडे मशीन घेऊन येणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते, "अहो फार आवाज करतोय हो, फॅन बदलून द्या." आणि खरं सांगायचं तर दहातल्या बऱ्याच जणांचा फॅन ठणठणीत असतो, त्याला हवा मिळत नसते म्हणून तो जोरात पळत असतो, नाहीतर हळू फिरायचं सेटिंगच कुणी केलेलं नसतं. म्हणून हे माहितीपत्रक. घरच्या घरी होण्यासारखं जे आहे ते तुम्हीच करून बघा, उरलं तर आमच्याकडे या. दुकानदारानंच असं सांगायचं म्हणजे जरा उलटी गंगा, पण नवीन फॅन विकायचा आणि आठवड्यानं गिऱ्हाईक तोच आवाज घेऊन दारात उभं, त्यापेक्षा हे परवडलं.

आमचा क्रम ठरलेला आहे: आधी हवेची वाट मोकळी करायची, मग फॅनचा स्पीड उतरवायचा, आणि खिशात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट्या बाजूनं सुरू करतात.

आवाज नक्की कुठून येतोय

कॅबिनेटची साइड उघडा, जाड कागदाची सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं टोक एकेका फॅनजवळ धरा (फॅनमध्ये घालू नका म्हणजे झालं). हसू येईल पण आम्ही दुकानातही हेच करतो. नुसत्या कानानं ऐकलं तर सगळा आवाज एकत्र येतो आणि माणूस हमखास चुकीच्या फॅनवर संशय घेतो.

सळसळ किंवा घोंघावल्यासारखा आवाज असेल तर ती हवा आहे, म्हणजे फॅन फास्ट फिरतोय एवढंच, बिघाड काही नाही. खरखर, किंवा सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटं घरघर आणि मग शांत, असं असेल तर बेअरिंग गेलंय, त्याला फॅन बदलणं हाच उपाय. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून काही दिवस निघतात पण ते तात्पुरतं. नेमानं टकटक येत असेल तर नव्वद टक्के वेळा एखादी वायर पात्यांना लागत असते, झिप टाय लावा, काम संपलं. बारीक चिरचिर किंवा शिट्टी, आणि तीही गेम चालू केल्यावरच, तर ती ग्राफिक्स कार्डातल्या नाहीतर एसएमपीएसमधल्या (म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) कॉइलची असते. त्यानं मशीन खराब होत नाही. गेमच्या मेनूमध्ये कार्ड उगाच सेकंदाला तीनशे-चारशे फ्रेम काढत बसतं तेव्हा ती जास्त ऐकू येते, फ्रेमला मॉनिटरएवढी म्हणजे ६० किंवा ७५ किंवा जी असेल ती लिमिट लावली की बरीच बसते.

आणि हो, एकदा यूपीएसजवळ पण कान लावा. गुणगुण तिथून आणि शिव्या कॉम्प्युटरला, असंही होतं.

हार्ड डिस्क असेल तर ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्याची बारीक थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि सगळा पत्रा हुं हुं करत राहतो. रबरी वॉशर घालून स्क्रू जरा हलक्या हातानं आवळले की फरक पडतो, एसएसडी घातली तर प्रश्नच मिटला. पण डिस्क कट् कट् असा आवाज काढायला लागली तर आवाजाचं राहू दे, आधी त्याच दिवशी बॅकअप घ्या.

धूळ, आणि तिची खरी जागा

पुण्यात आजूबाजूला कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच, वर गॅलरीतली कबुतरं. ज्यांचं मशीन देवघराजवळ आहे त्यांच्याकडे उदबत्तीच्या धुराची काजळी आणि स्वयंपाकघराशेजारी असेल तर तेलकट चिकट थर, हा सगळ्यात वाईट, कारण तो ब्लोअरनं उडत नाही. लोक वरून फॅनची पाती पुसतात आणि साफ झालं म्हणतात. खरी धूळ खाली असते. प्रोसेसरवरचा फॅन काढला की हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींवर अक्षरशः गोधडीसारखा थर बसलेला सापडतो, बोटानं धरून अख्खा उचलता येतो. हवा आत जायला वाटच नसते, मग फॅन कितीही पळाला तरी प्रोसेसर तापलेलाच, आणि तापलाय म्हणून फॅन आणखी जोरात.

साफ करताना मशीन बंद करून, वायर काढून गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना फॅनच्या मध्यभागी बोट किंवा पेन्सिल धरून तो अडवा, कारण ब्लोअरच्या हवेनं फॅन वेड्यासारखा गरगरतो, मजा वाटते, पण बेअरिंग त्यातच खराब होतं. व्हॅक्युम क्लीनरचं नळकांडं आतल्या बोर्डाला लावू नका, त्यात स्टॅटिक म्हणजे स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर नकोच नको. एसएमपीएस बाहेरूनच फुंका, उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

ठेवलंय कुठे ते बघा

कॉम्प्युटर टेबलाला तो खालचा कप्पा असतो ना, दरवाजावाला, त्यात कॅबिनेट ठेवून दरवाजा लावला की आतली गरम हवा फिरून फिरून परत आतच येते. निदान दरवाजा आणि मागची फळी काढा. मागे भिंतीपासून वीतभर जागा हवी. गालिच्यावर ठेवू नका, आजकाल बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खालून हवा घेतो आणि गालिचा त्याचं तोंडच दाबतो. दोन गोष्टी खास आपल्याकडच्या: धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर मशीन चालू असताना तसंच मागून अर्धवट अडकवलेलं असणं, आणि वरच्या जाळीवर विणलेला रुमाल टाकून त्यावर फुलदाणी किंवा गणपती. वरची जाळी गरम हवा बाहेर जायला असते, तिथे काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

समोर काच असलेली, आत रंगीत लाइट लावलेली कॅबिनेट दिसायला भारी असतात पण काचेतून हवा येत नाही हो, बाजूच्या बोटभर फटीतून जेवढी येईल तेवढीच. नवीन घेताय तर समोर जाळी असलेलं घ्या. "जाळीतून आवाज जास्त येईल ना?" असं सगळेच विचारतात. येतो थोडा, पण फॅन एवढे हळू चालतात की एकूण हिशोब शांततेच्याच बाजूनं बसतो. साइड उघडी ठेवून वापरणं हा उपाय नाही, धूळ दुप्पट आणि आवाज थेट कानात.

किती तापलं म्हणजे तापलं

याची भीती लोकांना गरजेपेक्षा फार जास्त असते. ७० डिग्री बघून फोन येतात. काम चालू असताना ७०-८० अगदी नॉर्मल आहे, बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० च्या आसपास गेल्यावर स्वतःच स्पीड कमी करतात आणि एएमडीचे रायझन ७००० तर जोराच्या कामाला ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत. आणखी एक लक्षात ठेवा, खोली जेवढी तापेल साधारण तेवढंच आतलं टेंपरेचर चढतं, डिसेंबरात २५ च्या खोलीत ६८ दाखवणारं मशीन मे महिन्यात ३७ च्या खोलीत ८० दाखवणारच, त्यात बिघडलं काहीच नाही. खोलीपेक्षा थंड तर कुठलाच फॅन करू शकत नाही. बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेवढं टाकून घ्या.

हे का सांगतोय, तर प्रोसेसर ५० वर ठेवायचा हट्ट सोडला आणि ७५ चालेल म्हटलं की फॅन एकदम निवांत होतो. शांत मशीनचं अर्धं गणित इथेच आहे.

फॅनचा स्पीड

फॅनचा स्पीड निम्मा केला तर हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि कानाला १० डेसिबल कमी म्हणजेच आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. याउलट एकाला दुसरा तसाच फॅन जोडला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन निम्म्या स्पीडनं चालवले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी. "फॅन वाढवले की आवाज वाढणार" हा समज म्हणून चुकीचा आहे. फॅन मोठाही हवा, १२० एमएमला जागा असेल तिथे ८० चा लावू नका, १४० बसत असेल तर उत्तम.

आता सेटिंग. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा, असुसला क्यू-फॅन, गिगाबाइटला स्मार्ट फॅन अशी नावं असतात. पहिल्यांदा बघायचं ते पीडब्ल्यूएम की डीसी, म्हणजे फॅनचा स्पीड सिग्नलनं कमी होणार की व्होल्टेजनं. चार पिनचा फॅन असेल तर पीडब्ल्यूएम, तीन पिनचा असेल तर डीसी. तीन पिनचा फॅन लावलाय आणि सेटिंग पीडब्ल्यूएमला आहे, तर त्याला कायम पूर्ण १२ व्होल्ट जातात आणि तो रात्रंदिवस फुल स्पीडला. हे आम्हाला इतक्या वेळा सापडतं की मशीन टेबलावर आलं की आधी पिना मोजतो. एक क्लिक आणि आवाज गायब, गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी जादू केली.

मग कर्व्ह, म्हणजे किती डिग्रीला फॅन किती टक्के पळवायचा ते. आम्ही साधारण असा लावतो: ५० डिग्रीपर्यंत ३०-३५ टक्के, ७० ला ५५, ८० ला ८०, आणि ९० ला पूर्ण. प्रत्येक मशीनला थोडं इकडेतिकडे करावं लागतं, एखादा फॅन ३० टक्क्यांना बंदच पडतो, मग त्याला ४० द्यायचे. त्याच पानावर स्टेप अप किंवा डीले असं काहीतरी असतं, ते तीन-चार सेकंदांवर ठेवा. हे कुणी करत नाही आणि त्रास नेमका त्याचाच होतो, कारण ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर चढतो, लगेच फॅन व्रूम, परत शांत, परत व्रूम. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, या वरखालीची होत नाही.

बायोसमध्ये हात घालायचा नसेल तर विंडोजमधून फॅन कंट्रोल नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅबिनेटचे फॅन ग्राफिक्स कार्डच्या टेंपरेचरवर पण चालवता येतात. गेम खेळणाऱ्यांना ते फार उपयोगी.

उष्णताच कमी करा ना

इंटेलचा आय९ १३९००के प्रोसेसर जोरात असताना २५३ वॉट खातो, आणि काही मदरबोर्ड तर ही लिमिटसुद्धा काढून ठेवतात. ती परत लावा, रोजच्या कामात फरक कळणारही नाही. ग्राफिक्स कार्डला आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा, गेममध्ये थोडेसेच फ्रेम जातात पण ३२० वॉटचं कार्ड अडीचशेच्या आसपास येतं आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. साधं ऑफिसचं मशीन असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बऱ्याच मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव स्पीड) बंद होतो, टॅली आणि एक्सेलला तो तसाही लागत नाही.

कूलर आणि पेस्ट

साफसफाई, सेटिंग सगळं करूनही मशीनवर काही काम चालू नसताना ८०-९० दाखवत असेल तर प्रोसेसरवरचा कूलर (हीटसिंक आणि फॅन मिळून) नीट बसलेला नाही. इंटेलच्या बॉक्समधल्या गोल कूलरला चार प्लॅस्टिकच्या पुशपिन असतात, त्यातली एक जरी सुटली तरी कूलर एका बाजूनं केसभर उचलला जातो आणि टेंपरेचर सरळ १०० ला. चारही पिना हलवून बघा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता पोचवणारी पेस्ट जुनी होऊन वाळून पापडी झाली असेल तर बदलायची, मटारच्या दाण्याएवढी पुरते. एएमडीच्या एएम४ (प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं नाव) वाल्यांनी मात्र जपून, थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, डावीउजवीकडे हलकेच फिरवत काढा.

खरेदी करायचीच तर पहिली वस्तू टॉवर कूलर, १२० एमएमच्या फॅनचा. उंची मोजूनच या, हे कूलर साधारण १५५-१६० एमएम असतात आणि अरुंद कॅबिनेटची साइड लागत नाही. लिक्विड कूलर आम्ही विकतो, पण फक्त शांततेसाठी मागायला आलात तर नको म्हणू, त्यात फॅन आहेतच, वर पंपाची गुणगुण कायमची, आणि हवा अडकली तर बुडबुड वेगळी. स्पंजच्या शीट आणून कॅबिनेटला आतून चिकटवायच्या फंदात पडू नका, हवेच्या वाटेवर लागल्या तर उष्णता आत राहते. आणि "एक फॅन काढूनच टाका ना" याला आमचं उत्तर नाही असंच आहे, हळू करून देऊ.

मशीन आणताना

फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर, कीबोर्ड, वायरी काही नको. घरी आवाज येत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून आणा, कारण दुकानात आल्यावर मशीन हमखास गुणी बाळासारखं वागतं. आवाज कधी येतो, चालू केल्या केल्या, गेममध्ये की रात्रभर, तेही सांगा. मोठं ग्राफिक्स कार्ड किंवा टॉवर कूलर असेल तर रिक्षात उभं ठेवू नका, मदरबोर्डची बाजू खाली येईल असं आडवं झोपवा, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी वजन बोर्डावर लोंबकळत नाही. काच वरच्या बाजूला येते, तिच्यावर पिशवी ठेवू नका.