फर्नच्या पानामागे कीड नाही, गलोल आहे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी फोटो टाकला. कुंडीतल्या फर्नचं पान उलटं करून धरलेलं, मागे तपकिरी ठिपक्यांच्या दोन सरळ रांगा, आणि खाली प्रश्न, "कीड लागलीय, काय फवारू?" पाच मिनिटांत तीन औषधांची नावं आली. काकू, काहीही फवारू नका! खवले कीड असती तर ठिपके देठावर, शिरांवर कसेही विखुरलेले दिसले असते, पान चिकट लागलं असतं. एकसारखे, ओळीत मांडल्यासारखे आणि फक्त पानाच्या मागेच असलेले ठिपके म्हणजे फर्नचे बीजाणू, म्हणजे बीऐवजी ज्यांतून पुढची पिढी वाढते ते धुळीसारखे बारीक कण, तयार होण्याची जागा.

फर्नला, म्हणजे आपल्या नेच्यांना, फूल नाही, बी नाही. म्हणून युरोपात एकेकाळी लोक समजायचे की फर्नचं बी अदृश्य असतं आणि ते ज्याच्याकडे असेल तो माणूसही अदृश्य होतो. आपल्याकडे जत्रेत वाळकी 'संजीवनी' विकतात, पाण्यात टाकली की उलगडते म्हणून लोक हात जोडतात. ती नेच्यांची लांबची नातेवाईक, आणि तिचं उलगडणं म्हणजे वाळलेल्या भागांनी पाणी शोषणं, त्यात मेलेल्याला उठवणारं काही नाही. पाण्याची खरी करामत बघायची तर या ठिपक्यांत बघा.

मी कोकणातल्या एका आंब्याच्या खोडावर वाढणाऱ्या बाशिंग नावाच्या नेच्याचं पान आणलं होतं. पिकलेला ठिपका सुईने काचपट्टीवर खरवडला, पाणी नाही, वरची काच नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठं करून बघितलं. ढिगात इवल्या इवल्या पिशव्या, म्हणजे बीजाणुधानी, प्रत्येकीत साधारण 64 बीजाणू, आणि पाठीवरून कंगव्यासारखं फिरलेलं लालसर वलय. दिव्याच्या उबेने मिनिटभरात ती वलयं हळूहळू मागे वाकायला लागली आणि मग एकेक पिशवी टुणकन उडून नजरेआडच!

हे कसं होतं ते जरा सावकाश वाचा. वलयात डझनभर पेशी असतात, प्रत्येकीची आतली आणि बाजूच्या भिंती जाड, बाहेरची पातळ, आणि आत पाणी. हवा कोरडी झाली की पाणी उडतं, पण पाण्याचे रेणू एकमेकांना आणि भिंतीला घट्ट धरून असतात, त्यामुळे आत पोकळी न होता पातळ भिंतच आत ओढली जाते, तिच्यासोबत बाजूच्या भिंतींची टोकं जवळ येतात, बाहेरची कड आखडते आणि अख्खं वलय उलटं वाकून पिशवी फाडतं. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात झेवियर नोब्लां आणि सहकाऱ्यांनी हा ताण मोजून छापला, तो ऋण 90 वातावरणांच्या (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आसपास निघाला! म्हणजे आत दाब नाही, पाणी चक्क ताणलं गेलंय, रबरासारखं. शेवटी ते तुटतं, पेशींत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वलय झटक्यात परत येतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वलय पूर्ण मिटलं तर बीजाणू परत पिशवीतच कोंडले जातील ना? माणसाने बांधलेल्या दगडफेकी यंत्राला म्हणूनच मधे आडवा दांडा लागतो, हात तिथे थडकतो आणि दगड पुढे जातो. नेच्याकडे दांडा नाही. त्याचं वलय मिटण्याचं पहिलं एक तृतीयांश अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात कापतं, तेवढ्यात बीजाणू सेकंदाला 10 मीटरपर्यंतच्या वेगाने सुटतात, आणि उरलेलं अंतर ते त्याच्या कितीतरी पट सावकाश कापतं, कारण भिंतींतल्या बारीक छिद्रांमधून पाणी पिळून निघायला वेळ लागतो. ओल्या भिंतीच इथे ब्रेकचं काम करतात.

एवढा वेग असूनही बीजाणू इतका हलका की हवा त्याला लगेच अडवते. तरी पानाला चिकटलेला शांत हवेचा थर ओलांडला की झालं, पुढे वारा नेतो.

घरी करायचं असेल तर दिव्याऐवजी ग्लिसरीनचा थेंबही चालतो, ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. बार उडून गेल्यावर रिकाम्या पिशवीचं वलय नीट बघा, प्रत्येक पेशीत एकेक काळा गोल बुडबुडा बसलेला दिसेल.