डॉजर्सना ब्रुकलिनमध्ये न मिळालेली जागा

बेसबॉलमधला लॉस एंजेलिस डॉजर्स संघ म्हटलं की आज जपानी खेळाडू शोहेई ओहतानी आठवतो आणि त्याचा 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार. 2024 आणि 2025 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, लागोपाठ जिंकलेल्या या संघावर ‘पैशाच्या जोरावर जिंकतात’ म्हणून बोटं मोडणारेही भरपूर आहेत. ब्रुकलिनच्या जुन्या मंडळींचा राग मात्र निराळा आहे. त्यांच्या लेखी हा संघ पळवून नेलेला आहे.

सुरुवात 1883 ची, न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिनमधली. ते तेव्हा वेगळं शहर होतं. पुढे तिथे विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि त्यांना चुकवत रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून संघाला ‘ट्रॉली डॉजर्स’ हे नाव चिकटलं. मधे सुपरबाज, रॉबिन्स अशीही नावं येऊन गेली. मालक चार्ल्स एबेट्स यांनी ‘पिगटाउन’ या गलिच्छ भागात कुणाला सुगावा न लागू देता एकेक तुकडा विकत घेतला आणि 1913 मध्ये तिथे एबेट्स फील्ड उभं केलं. त्या खर्चापायी त्यांना संघातला अर्धा वाटा विकावा लागला.

15 एप्रिल 1947 ला याच मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन उतरला आणि आधुनिक मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतली, वर्णभेदाची भिंत पडली. वर्ल्ड सिरीजचं सुख मात्र लांबच राहिलं. 1941 ते 1953 दरम्यान डॉजर्स पाच वेळा अंतिम लढतीला पोहोचले आणि पाचही वेळा न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाकडून हरले. ‘पुढच्या वर्षी बघा’ हे ब्रुकलिनचं पालुपद झालं. ते पुढचं वर्ष अखेर 1955 मध्ये उजाडलं.

दोनच वर्षांनी संघाने ब्रुकलिनमधून गाशा गुंडाळला.

मालक वॉल्टर ओमॅली यांना लोभी ठरवणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी होती. मैदानात माणसं मावायची 32 हजारांच्या आसपास, गाड्या जेमतेम 700, आणि प्रेक्षक तर मोटारी घेऊन उपनगरांत राहायला चालले होते. ओमॅलींना अटलांटिक आणि फ्लॅटबुश अॅव्हेन्यूच्या नाक्यावर, रेल्वे स्थानकाला लागून जागा हवी होती. स्टेडियम स्वखर्चाने बांधतो, फक्त जमीन संपादित करून द्या, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर पकड असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी ते साफ फेटाळलं: खासगी धंद्यासाठी भूसंपादन होणार नाही, हवं तर न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात जा. क्वीन्सला जायचं, तर मग ब्रुकलिनचा संघ कसला? 24 सप्टेंबर 1957 ला एबेट्स फील्डवरच्या शेवटच्या सामन्याला प्रेक्षक होते 6,702.

न्यूयॉर्कने जे नाकारलं, ते लॉस एंजेलिसने तयार ठेवलं होतं. शहराच्या मध्यभागालगतच्या शावेझ रवीन या टेकड्यांत ला लोमा, पालो व्हर्दे आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. बहुतेक कुटुंबं मेक्सिकन वंशाची. 1950 मध्ये त्यांना नोटिसा गेल्या: इथे सरकारी घरं होणार आहेत, त्यांत पहिला हक्क तुमचा. लोक निघाले, घरं पडली. मग कम्युनिस्टविरोधी वातावरणात असल्या घरांनाच ‘समाजवाद’ ठरवून 1953 नंतर योजना गुंडाळण्यात आली. मोकळी जमीन शहराकडे राहिली आणि ओमॅलींना देऊ करण्यात आली. 1958 च्या सार्वमतात तो व्यवहार थोडक्यात तरला. मे 1959 मध्ये उरल्यासुरल्या घरांवर पोलीस आले. एका बाईला चौघांनी हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली नेलं, तेही कॅमेऱ्यांसमोर. 10 एप्रिल 1962 ला डॉजर स्टेडियम खुलं झालं.

पुष्कळ मेक्सिकन घरांनी या संघाकडे पाठ फिरवली होती. 1981 मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या खेड्यातून आलेल्या विशीतल्या फर्नांडो व्हॅलेन्झुएला या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) मोसमातले आपले पहिले आठही सामने जिंकले, तेव्हा तीच माणसं स्टेडियमच्या दारात रांगा लावू लागली. विस्थापितांच्या भरपाईचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2024 मध्ये मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नरांनी सहीविना परत पाठवलं.