माती टाकली म्हणजे चूल विझली?

मुक्कामाच्या ट्रेकनंतर चुलीवर माती लोटून निघायचं, ही सवय जुनी आणि घातक आहे. मातीखाली निखारा विझत नाही, टिकतो. घरोघरी रात्री राखेखाली निखारा झाकून सकाळी त्यावरच चूल पेटवायचे, ते याच गुणामुळे! वरून थंड वाटणाऱ्या मातीवर अनवाणी पाय पडला की भाजतो. सुकी मुळं, पालापाचोळा आतल्या आत धुमसत राहतो.

निघण्याच्या तासभर आधी सरपण घालणं थांबवा. राख पसरून चार-पाच लिटर पाणी बेताबेताने, लांबून शिंपडा. एकदम ओतलं तर वाफेने हात पोळतो. काठीने तळापर्यंत ढवळा, जाड ओंडके उलटून भिजवा. चर्रर्र आवाज थांबल्यावर तळहाताची पालथी बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली, तर पुन्हा पाणी.