वाऱ्याने घासलेला बर्फ

हिवाळ्यात हवा कोरडी पडली की हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमध्ये रुई पत्र्याला चिकटू लागते. मग हवेत थोडा ओलावा सोडावा लागतो. घासताना एका वस्तूवरचा विद्युतभार दुसरीवर जातो आणि कोरडेपणात त्याला निसटायला वाट मिळत नाही, एवढेच त्यामागचे कारण. जिनवाल्यांना हा नुसता ताप. अंटार्क्टिकावर मात्र हीच वीज बर्फाचे रसायन बदलत असावी, अशी शंका आहे.

अंटार्क्टिका आपल्यापेक्षा किती कोरडा? मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या 45 अंशांच्या, घसा सुकवणाऱ्या हवेतसुद्धा उणे 30 अंशांच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त बाष्प असते. शिवाय इतका थंड बर्फ विजेचा फारच वाईट वाहक. वादळात कण जमिनीवर आपटत, फुटत, एकमेकांना घासत पळतात आणि भारित होतात. ऑस्ट्रेलियाचे डग्लस मॉसन यांची 1911-14 ची मोहीम अंटार्क्टिकावरच्या केप डेनिसनला होती. ती जगातल्या सर्वाधिक वाऱ्याच्या जागांपैकी एक. तिथे बर्फाच्या वादळात टोकदार वस्तूंवर निळसर प्रकाश दिसत असे. त्याच सुमारास इंग्रज दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेत जॉर्ज सिम्पसन हवेतली वीज मोजत होते. हे गृहस्थ भारतीय हवामान खात्याचे. सिमल्यात बसून त्यांनी आपल्या पावसातली वीजही मोजली होती!

शांत, निरभ्र दिवशी जमिनीलगतचे विद्युतक्षेत्र दर मीटरला साधारण 100 व्होल्ट असते. उडत्या बर्फात ते 25-30 हजारांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आकडा मोठा वाटतो, पण कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे 30 लाख व्होल्ट लागतात, म्हणजे शंभरपट कमी पडते. इथे बर्फाच्या स्फटिकांची टोके कामी येतात. टोकापाशी क्षेत्र एकवटते आणि ठिणगी न पडताही बारीकसा विसर्ग होऊ शकतो. त्यालाच कोरोना विसर्ग म्हणतात.

विसर्ग झाला की हवेचे रेणू तुटतात. मृगाच्या विजेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून शेवटी नायट्रेट पावसातून वावरात उतरते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोरोनात तेच लहान प्रमाणावर घडते. सोबत ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतात. बर्फाच्या कणावर द्रवासारखा अतिपातळ थर असतो, त्यात मीठ आणि आम्ले साठलेली असतात. या तिखट रेणूंना प्रतिक्रिया करायला ती आयती जागा. ध्रुवीय बर्फ आणि हवा यांच्यातल्या देवाणघेवाणीत घर्षणाच्या विजेचा वाटा असू शकतो, असा प्रस्ताव 2012 मध्ये मांडला गेला.

बर्फातल्या या रसायनाचे श्रेय आतापर्यंत सगळे सूर्याला मिळत आले, आणि तेही उगाच नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ग्रीनलंडमधल्या समिट या संशोधन केंद्रात दिसले की उन्हात बर्फातले नायट्रेट फुटून नायट्रोजन ऑक्साइड हवेत सुटतात. आर्क्टिकच्या वसंतात ब्रोमिनच्या प्रतिक्रियांमुळे जमिनीलगतचा ओझोन जवळपास संपतो, त्यालाही प्रकाश लागतोच. विजेचा प्रस्ताव हे काही खोडून काढत नाही. माझ्या मते त्याची खरी कसोटी ध्रुवीय रात्र आहे. महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, वारा मात्र थांबत नाही. अंधारातल्या वादळात, विद्युतक्षेत्र चढताना पेरॉक्साइड किंवा नायट्रोजन ऑक्साइडही चढले, तर वाऱ्याचा हात मानावा लागेल. अर्थात वादळ स्वतःच दुरून मीठ आणि हवा ओढून आणते, म्हणून नुसती वाढ दिसणे पुरेसे नाही. क्षेत्राबरोबर तिची चढउतार जुळायला हवी.

वाटा लहान निघाला तरी हिशेब बदलेल. बर्फाच्या गाभ्यातल्या, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यातल्या, नायट्रेटवरून हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचा अंदाज बांधतात. त्यातले थोडे वाऱ्यानेच घडवले किंवा मोडले असेल, तर वादळी काळातले थर आणि शांत काळातले थर एकाच मापाने वाचता येणार नाहीत.