दुधी बल्ब आणि दुधी बल्ब

डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, निगेटिव्हची मोठी प्रतिमा फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र म्हणजे एन्लार्जर. त्याचा बल्ब उडाला की पहिल्यांदा मनात येतं, बल्बच तर आहे, दुसरा लावू. होल्डरचे आटे साध्या बल्बचेच, आकारही तोच, काचही पांढरी. घरात पडलेला तारेचा दुधी बल्ब फिरवून बसवला की उजेड पडतो, खाली निगेटिव्हची प्रतिमा दिसते, आणि काम झालं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग मोकळ्या आभाळाचा एक फोटो छापायला घेतला आणि आभाळाच्या मधोमध काळसर ढग उमटला. निगेटिव्हमध्ये ढगाचा पत्ता नव्हता. आधी लेन्सला दोष दिला, मग रसायनाचा ट्रे नीट हलवला नसेल म्हणून स्वतःला. चार कागद वाया गेल्यावर नजर वर, बल्बाकडे गेली.

घोटाळ्याची सुरुवात शब्दातच आहे. दोन अगदी वेगळ्या काचांना आपण एकच ‘दुधी’ म्हणतो. घरगुती दुधी बल्ब बहुधा फ्रॉस्टेड असतो, म्हणजे साधी पारदर्शक काच आम्लाने आतून खरवडून धूसर केलेली. जनरल इलेक्ट्रिकमधल्या मार्विन पिपकिन यांनी १९२५ मध्ये असा बल्ब यशस्वी केला. हेतू एवढाच की तापलेली तार डोळ्यांत खुपू नये आणि उजेड मात्र जवळपास सगळा बाहेर यावा. एन्लार्जरचा बल्ब ओपल असतो. त्याची काच मुळातच दुधाळ असते किंवा तिला आतून दाट पांढरा थर दिलेला असतो. इथे थोडा उजेड वाया गेला तरी चालतो, पण सगळा गोळा सारखा उजळला पाहिजे. एक बल्ब डोळ्यांच्या सोयीसाठी बनला आणि दुसरा कागदाच्या.

विझलेले असताना दोन्ही जुळे भाऊ दिसतात, म्हणून ओळख पटवायची ती पेटवून. डिमर असेल तर उजेड अगदी मंद करा आणि थोडं लांबून बघा. फ्रॉस्टेड बल्बात मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडेकडे उजेड विरत जातो. तार कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येतं. ओपल बल्ब पौर्णिमेच्या चंद्रासारखा दिसतो, कडेपर्यंत सारखा. तो गोल आहे हेही डोळ्याला पटत नाही, चकतीच वाटते. पेटवायची सोय नसेल तर खिडकीच्या उजेडासमोर धरा. फ्रॉस्टेड काचेतून आतल्या टेकूच्या तारांची सावली पुसट का होईना दिसते, ओपलमधून सहसा काहीच दिसत नाही.

दुसरी खूण मला जास्त आवडते, कारण ती एकदा कळली की विसरत नाही. बहुतेक एन्लार्जरमध्ये बल्ब उलटा टांगलेला असतो, बूड वर आणि डोकं खाली. घरगुती बल्बावर कंपनीचं नाव, वॉट, व्होल्ट हे सगळं छापलेलं असतं ते नेमकं डोक्यावर, म्हणजे निगेटिव्हकडे जाणारा उजेड जिथून निघतो त्याच जागी. एन्लार्जरच्या बल्बाचा हा भाग कोरा ठेवतात आणि मजकूर मानेजवळ, बुडाकडे छापतात. घरगुती बल्बाची अक्षरं प्रिंटवर वाचता येतील असं नाही, पण आभाळ, भिंत, धुकं अशा सपाट करड्या भागात फिकट डाग पडू शकतो आणि त्याचं कारण शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

पण मग घरगुती बल्ब लावून वर्षानुवर्षं छान प्रिंट काढणारेही लोक आहेत, ते कसं? तर तुमच्या एन्लार्जरचं डोकं कोणत्या जातीचं आहे यावर सगळं ठरतं. डिफ्यूजर जातीत बल्ब आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये दुधाळ काच किंवा आतून पांढरी पेटी असते. उजेड तिथेच घुसळून निघतो, त्यामुळे बल्बाचे दोष बरेचसे झाकले जातात. कंडेन्सर जातीत मात्र जाड भिंगांची जोडी बल्बाचा उजेड गोळा करून थेट एन्लार्जरच्या लेन्समध्ये सोडते. तिथे तारेचा ठिपका, अक्षरं, बल्बाची उंची, सगळंच नडतं. माझा एन्लार्जर कंडेन्सरचा. म्हणून मधल्या ठिपक्याखाली कागदाला जास्त उजेड मिळाला, तेवढा भाग जास्त काळवंडला आणि आभाळात ढग आला.

उजेडाच्या रंगातही फरक आहे. तो केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड कमी पिवळा. घरगुती बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा, हजारेक तास चालावा म्हणून तार कमी तापवलेला. एन्लार्जरच्या बल्बाची तार जास्त तापते आणि उजेड ३००० केल्व्हिनच्या आसपास जातो. त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते, शंभरेक तासच. ऐकायला कमी वाटतं, पण दहा-पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरला, म्हणजे कागदावर एकदा उजेड पाडण्याला, शंभर तास म्हणजे पंचवीस-तीस हजार एक्स्पोजर झाले. कागद निळ्या उजेडाला जास्त संवेदनशील असल्यामुळे हा थोडा पांढरा उजेड कामाला येतो. फिल्टर लावून कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या मल्टिग्रेड कागदावर तर कॉन्ट्रास्टच, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, निळ्या-हिरव्याच्या प्रमाणावर ठरतो, म्हणून बल्ब बदलला की ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्टची पायरी, किंचित सरकते.

बदली बल्ब शोधताना जुन्या बल्बाच्या मानेवरचा मजकूर भिंगाने वाचून घ्या. अमेरिकी बनावटीच्या एन्लार्जरमध्ये बऱ्याचदा पीएच २११ किंवा पीएच २१२ असा क्रमांक सापडतो. ही आणखी एक फसवी जोडी. पहिला ७५ वॉटचा, दुसरा १५० वॉटचा, आणि दोन्ही एकाच होल्डरमध्ये सुखाने बसतात. ७५ वॉटसाठी बनवलेल्या डोक्यात १५० वॉटचा लावला तर एक्स्पोजर निम्म्यावर येईल, पण निगेटिव्ह तापून मधेच फुगेल आणि प्रिंट फोकसबाहेर जाईल. आटे जुळले म्हणून व्होल्ट जुळले असंही समजू नका. अमेरिकेतलं ई२६ मापाचं बूड आपल्याकडच्या ई२७ मापाच्या होल्डरमध्ये सहसा बसतं, आणि १२० व्होल्टचा बल्ब २३० व्होल्टवर क्षणात जातो. गोळ्याचा व्यास आणि बुडापासून डोक्यापर्यंतची लांबीही मोजा. डोकं दीड-दोन सेंटिमीटर वरखाली झालं तर कंडेन्सरचं गणित बिघडतं. बल्बाचा दांडा वरखाली करण्याची सोय असेल तरच हा फरक भरून काढता येतो.

आता एलईडी. युरोपीय संघात २००९ पासून साधे तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, आणि त्यातही दुधी काचेवाले पहिल्याच टप्प्यात. खास कामाच्या बल्बांना सूट होती, पण मागणीच आटल्यावर सूट असून काय. त्यामुळे पूर्ण दुधाळ गोळ्याचा एलईडी बल्ब हा पर्याय विचारात घ्यावाच लागतो, आणि समान उजेडाच्या बाबतीत तो कित्येकदा फ्रॉस्टेड बल्बापेक्षा सरस ठरतो. उष्णताही कमी. पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो आणि त्यापुढे एक खड्डा, म्हणून मल्टिग्रेडचे फिल्टर पुन्हा तपासून घ्यावे लागतात. त्याहून वाईट खोड म्हणजे एन्लार्जर चालू-बंद करणाऱ्या टायमरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेवर काही एलईडी बंद असतानाही मिणमिणत राहतात. तेवढा उजेडही कागद धुरकट करायला पुरतो. बल्ब लावल्यावर डार्करूममधला लाल दिवाही घालवा, पाच मिनिटं अंधारात बसा आणि मग एन्लार्जरच्या डोक्यात डोकावून बघा. सीएफएलचा विचार करू नका. तो पूर्ण उजेडावर यायलाच वेळ घेतो, दहा सेकंदांचं एक्स्पोजर मोजणार कसं?

कोणताही बल्ब लावला तरी डोळ्यांवर विसंबू नका. मधल्या आणि कडेच्या उजेडातला थोडाफार फरक डोळा आपसूक सांभाळून घेतो, कागद घेत नाही. फोकस करून निगेटिव्ह काढून घ्या, लेन्सचं छिद्र दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, लहान करा म्हणजे तिचा स्वतःचा कडेचा अंधार कमी होईल, आणि कागदाला मध्यम करडा रंग येईल एवढाच उजेड द्या. वाळल्यावर कागदाचा कोपरा कापून मध्यावर ठेवून बघा. माझ्या फ्रॉस्टेड बल्बाच्या कागदावर तो तुकडा टिकलीसारखा उठून दिसला, ओपलच्या कागदावर शोधावा लागला. जमलं तर हा करडा कागद जुना बल्ब चालू असतानाच काढून, मागे तारीख आणि सेकंद लिहून ठेवा. तो उडाल्यावर नव्याची तुलना करायला हाताशी काहीच उरत नाही.