जुन्या स्पोर्ट्‌स कारची रेस कार करायची आहे? आमच्या वर्कशॉपमध्ये येण्याआधी हे वाचा

चार-पाच मित्रांनी मिळून जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आणि हौशी शर्यतींसाठी तयार करायची, असा बेत घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: इंजिनाची ताकद किती वाढवता येईल? आमचं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या मोसमात ताकदीच्या मागे लागू नका. पैसा आणि वेळ आधी केज (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पोलादी पाइपांचा सांगाडा), ब्रेक, तेल-पाणी आणि टायर यांवर घाला. जी गाडी शर्यत पुरी करते तीच तुम्हाला चालवायला शिकवते. अर्ध्यातून ढकलत आणावी लागलेली गाडी काही शिकवत नाही.

गाडी बघण्याआधी नियमपुस्तक

कुठल्या गटात उतरायचं ते ठरल्याशिवाय गाडी घेऊ नका. टायरची रुंदी, किमान वजन, इंजिनात काय बदलता येतं, केजचे पाइप किती जाडीचे, हे सगळं त्या गटाचे नियम ठरवतात. वेल्ड झालेला केज नियमात बसत नाही असं नंतर कळलं, तर तो कापून काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

नवख्यांना आम्ही १९८९ साली आलेली पहिली माझ्दा एमएक्स-५ आनंदाने सुचवतो. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि साधं १.६ लिटरचं इंजिन. टप उघडा असल्याने केजचं काम मात्र जास्त काटेकोर लागतं. पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) हीदेखील वळणात फार गुणी गाडी. तिचा गिअरबॉक्स मागे असतो, त्यामुळे वजन पुढे-मागे छान विभागलेलं असतं. पण टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा) तुटला की तिचे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बीएमडब्ल्यू ई३०च्या सहा सिलिंडरच्या एम२० इंजिनाचंही तेच. बेल्ट कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला.

रंगाच्या चकाकीवर जाऊ नका, गाडीखाली शिरून बघा. सिल (दारांखालचा पत्र्याचा पट्टा), जॅक लावायच्या जागा आणि सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलेलं असतं तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. केजचे पाय याच पत्र्यावर उभे राहणार आहेत, म्हणून इंजिन दमलेलं असलं तरी चालेल, पत्रा सडलेला नको.

तुम्ही स्वतः करावं असं काम

गाडी रिकामी करणं हे मित्रांचंच काम आहे आणि ते आम्हाला देऊन पैसे वाया घालवू नका. मागची सीट, गालिचा, छताचं अस्तर काढलं की खाली पत्र्याला चिकटवलेले डांबरी तक्ते लागतात. ते खरवडत बसलात तर सगळी सुट्टी त्यातच जाईल. त्यावर ड्राय आइसचे तुकडे पसरा. उणे ७८ अंशांच्या त्या थंडीने डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, आणि रबरी हातोडीने ठोकलं की त्याचे मोठेमोठे खपले निघतात. जाड हातमोजे घाला, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि गाडीच्या तळाशी साचतो.

वायरिंग कापण्याआधी फोटो काढा. प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव.

केज: हे आमच्यावर सोपवा

एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार मुख्य कमानीचा, म्हणजे पुढच्या सीटांमागे उभ्या राहणाऱ्या कमानीचा, पाइप शिवण नसलेला, कोल्ड-ड्रॉन कार्बन स्टीलचा, निदान ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमी व्यासाचा आणि २ मिमी जाडीचा लागतो. तो वाकवताना सुरकुती पडली किंवा पाइप चपटा झाला, तर आम्ही तो बाजूला टाकतो. पाय थेट पत्र्यावर कधीच टेकवत नाही. मध्ये किमान ३ मिमी जाडीची पट्टी वेल्ड होते, नाहीतर गाडी उलटली की पाइप पत्रा फोडून खाली जातो. प्रत्येक जोड पूर्ण गोलाईत वेल्ड व्हायला हवा. त्यासाठी कधीकधी छताचा पत्रा काढावा लागतो, आणि त्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

केज बसल्यावर ती गाडी रोजच्या वापराला नको. हेल्मेटविना डोकं त्या पाइपवर आपटलं तर साधा अपघातही जिवावर बेतू शकतो. जुनी सीट किंवा बेल्ट वापरायला आणणार असाल, तर त्यावरचं लेबल आधी वाचा; एफआयए ८८५५-१९९९ मानकाची सीट बनवल्यापासून ५ वर्षंच ग्राह्य धरली जाते.

ब्रेक, तेल, पाणी

ताशी १०० किमीऐवजी १४० किमीवरून तीच गाडी थांबवायची तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता झेलावी लागते. शर्यतीत हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडतं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकतं. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी ऑइल बदला, रबरी नळ्या नव्या घाला, पॅड शर्यतीचेच घ्या. मोठ्या डिस्कचा विचार पुढच्या मोसमात.

चिकट टायर लावले की लांब वळणात तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका कडेला धावतं, पंप हवा ओढतो, आणि काही क्षणांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जाते. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवून घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. रेडिएटर नवा, होज नव्या. कूलंट ट्रॅकवर सांडलं तर फार निसरडं होतं, त्यामुळे अनेक ठिकाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलला बंदी असते. तिथे पाणी आणि गंजरोधक वापरतात.

मित्रांमध्ये आधी ठरवून घ्या

गाडी कोणाच्या नावावर, कोण किती पैसे घालणार, ज्याच्या हातून ठोकली त्याने काय भरायचं, कोणी मध्येच बाहेर पडला तर त्याचा वाटा किती, हे सगळं कागदावर लिहून सह्या करा. मैत्री घट्ट असताना हे लिहिणं सोपं असतं. आणि एक जण असा नेमा, ज्याने “आज गाडी उतरणार नाही” म्हटलं की वाद संपला.

त्याच माणसाकडे टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने घट्ट करायचा पाना) द्या. घट्ट केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून खालच्या भागापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. चाकांचे नट पहिल्या फेरफटक्यानंतर पुन्हा तपासा.

पहिल्या भेटीला येताना

गाडी अजून घेतली नसेल तरी चालेल. तुमच्या गटाचं नियमपुस्तक आणा, आणि चालवणाऱ्यांपैकी सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका, दोघांनाही हेल्मेटसकट घेऊन या. उंच माणसाच्या हेल्मेटवर आम्ही निदान ५ सेंमी मोकळी जागा ठेवतो, आणि बुटक्याचा पाय ब्रेक पूर्ण दाबेपर्यंत पोचला पाहिजे. सीट आणि मुख्य कमान यांची मापं या दोघांवरूनच घेतली जातात.